बंपरवरचे पोचे

मंडळी, दुपारपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

निजामाचं राज्य गेल्यावर एका जहागीरदारानं विकायला काढलेली दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घेतली होती. ते गेल्यावर ती शेडमध्ये गंजत पडली. मी ती दुरुस्तीला काढली आणि घराच्या स्लॅबचा सगळा पैसा तिनं खाल्ला. बंपर पोचे काढून क्रोम करायला पुण्याला पाठवला, त्यात न्हाणीघराची फरशीही गेली.

आज गाडी धाराशिवला घरी आली. मी किल्ली घेऊन वळते तोच काकांनी नारळ थेट बंपरवर आपटला. मधोमध पोचा!

"काका, काय केलंत हे! खाली दगडावर फोडायचा ना!"

काका नारळाचं पाणी चाकांवर शिंपडत म्हणाले, "अगं, तुझा बाप दर दसऱ्याला हितंच फोडायचा. लई पोचे होते की त्याचे. कुठं गेले?"

पैसे मोजून मीच ते काढून टाकले होते.

गॅरेजवाला म्हणतोय, उद्या आणा, सरळ करून देतो.

सांगा, नेऊ का?