पारूमावशीच्या घरातल्या चार खुर्च्या

आधी माझी चूक सांगतो. पारूमावशीचं सरकारी अनुदान बंद पडलं ते माझ्यामुळे, आणि त्याचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं. महिन्यापूर्वी ती गेली. तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं काही सुचेना.

कोपरला, खाडीकडच्या जुन्या गावात, आम्ही तिच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचो. तरुणपणी ती रेतीच्या होड्यांवर कामाला होती. एकदा भरलेली होडी धक्क्याला लागताना तिचा डावा पाय मधे सापडला, तो गुडघ्याखाली कापावा लागला. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. ऐंशीच्या दशकात तिला निराधार अपंगांचं अनुदान सुरू झालं. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की अंगठा उमटवता उमटवता ती त्यालाच दम भरायची, "उशीर का रं? माजा पाय परत उगवतो का, ते बघत होता काय सरकार?" मी पालिकेच्या शाळेत शिक्षक. गावातले अर्ज मीच लिहून द्यायचो, त्यामुळे तिचा कारभारही माझ्याकडेच होता.

पंच्याण्णवच्या सुमारास फर्मान आलं : जुनी प्रकरणं बंद, नव्या योजनेत सगळ्यांनी नव्याने अर्ज करायचा. पाय नसल्याचा नवा दाखला हवा. त्यासाठी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात चार खेपा झाल्या. कुबडीवर ताटकळत ती डॉक्टरला म्हणाली, "नीट बघ बाबा, कुटं लपवला असंल तर." दाखला मिळाला. आता राहिली तलाठी भाऊसाहेबांची घरचौकशी.

आणि इथे मी माती खाल्ली. आमच्याकडे साहेब घरी येणार म्हटलं की त्याला घोंगडीवर बसवत नाहीत. आदल्या दिवशी मी माझ्या घरच्या चार खुर्च्या तिच्याकडे नेऊन मांडल्या, टेबलफॅन लावला, बायकोची ठेवणीतली चादर खाटेवर अंथरली, कपबश्या नेल्या. मावशी कुबडीवर रेलून बघत होती. "मास्तर, भाऊसाहेब चौकशीला येतंय का मना मागनी घालायला?" मी हसलो. म्हणालो, "मावशी, माणसाला नीट बसवलं तर तो नीट लिहील." भाऊसाहेब आले, पंख्यासमोर बसले, पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, घरभर नजर फिरवली आणि निघून गेले. त्या खुर्च्या कुणाच्या, हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. तिला वाचता येत नव्हतं. ओट्यावर बसून मीच वाचलं : घरी पंखा, खुर्च्या, इतर सामान आहे, अर्जदार निराधार दिसून येत नाही, अर्ज नामंजूर... ती म्हणाली, "काय लिवलंय?" आणि मी म्हणालो, "कारण दिलेलं नाही. भाऊसाहेबांना पैसे हवे असणार."

एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवसापासून ती तलाठी कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसू लागली. भाऊसाहेब आले की कुबडी फरशीवर आपटून विचारायची, "पोहं पचलं का रं, भाऊसाहेब?" लोक हसायचे. ते मान खाली घालून आत जायचे, पुढे तर मागच्या दाराने यायला लागले. त्यांनी लाच मागितल्याची तक्रारही मीच लिहिली, वळणदार अक्षरात. आणि खरं सांगतो, मला गोड वाटायचं. एका पायाच्या बाईचा दाखला हातात असताना ज्याने खुर्च्या मोजल्या, त्याची झोप उडालेली मला हवी होती. स्वतःची लाज झाकायला यापेक्षा उबदार पांघरूण नव्हतं.

मग त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. तो कल्याणच्या कुठल्या हॉलमध्ये आहे ते मीच शोधून मावशीला सांगितलं, मावशीला रिक्षाने मीच नेलं आणि बाहेर थांबलो. ती आत गेली, मुलाकडच्यांसमोर उभी राहिली. तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "पोरगी गुनाची असंल, पन बाप लंगडीच्या तोंडचा घास खानारा हाय. बघा बाबांनो, सोयरीक करा!" मुलाकडचे न जेवता उठले. परतताना शीळफाट्यापर्यंत... नाही, आम्ही तिकडून आलोच नव्हतो. त्या दिवशीचा रस्ताही मला धड आठवत नाही. तिचं हसणं मात्र आठवतं.

पुढे भाऊसाहेबांची बदली झाली. नवा तलाठी आला, मी नव्याने अर्ज केला. या वेळी घरात घोंगडी आणि माठ, एवढंच. अनुदान सुरू झालं. मला वाटलं, आता ती निवेल. ती म्हणाली, "पैसा मिलाला, पन माजा झगडा मिटला नाय." तिचा राग म्हातारा झालाच नाही. गावातल्या बायका देवाला हात जोडायच्या तेव्हा ही भाऊसाहेबांचं नाव घ्यायची.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसलो होतो. खुर्च्यांचं आणि पत्राचं खरं सांगायचंच म्हणून गेलो होतो. तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "मास्तर, मी मेले की त्या मेल्याकडं जायचं. सांगायचं, पारू वरती पायरीवर बसलीय, तुजी वाट बघतेय." डोळे असे लखलखले की मी गप्प बसलो. त्या रागावर ती जगत होती, तो काढून घ्यायचं धैर्य मला झालं नाही... की तो राग माझ्याकडे वळेल म्हणून भ्यालो, ते मलाच माहीत.

दहाव्यानंतर कल्याणला गेलो. भाऊसाहेब निवृत्त झालेले. मुलीनेच दार उघडलं, पाणी दिलं. लग्न झालं नव्हतं, हे मी न विचारताच कळलं. पारूमावशी गेल्याचं सांगितलं, तिचा निरोपही शब्द न बदलता दिला. मग खुर्च्यांचं सांगितलं, पत्राचं सांगितलं.  भाऊसाहेब म्हणाले, "त्या बाईंना हे कळलं होतं?"

"नाही."

"म्हणजे ती मला शिव्या देतच गेली."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्ही पाय सोडून खुर्च्या लिहिल्यात, त्यासाठी तुम्ही तिची माफी मागायला हवी होती, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. पण तुम्ही लाच मागितली नव्हती. ते मी रचलं. मला माफ करा." ते माझ्याकडे बघतच नव्हते, आतल्या दारात मुलगी उभी होती, तिच्याकडे बघत होते. मी उठलो, तिकडे वळलो. "ताई, मावशीला हॉलचा पत्ता मी दिला होता. मी बाहेर रिक्षात बसून सगळं ऐकत होतो. माझं चुकलं."