समोरची ओळ

पारधेबाईंवर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की मी त्यांचे गोडवे गायला बसलेय.

अड्यारला आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहतात. तबिथा पारधे. मूळच्या नगरकडच्या. नर्सिंग शिकून नोकरीसाठी चेन्नईला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा तिकडेच राहतो, नवीन त्याचं नाव. सून तमिळ, गुणी आहे. नातवंडं ‘पाट्टी’ म्हणून गळ्यात पडतात, पण आजीचं मराठी म्हणजे त्यांच्या कानांना नुसता आवाज. बाई मुलाकडे राहायला जात नाहीत. का, तर रविवारी संध्याकाळी त्यांची मराठी उपासना असते.

ही उपासना म्हणजे काय, ते मला त्यांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा कळलं. एकट्या कशा जाणार म्हणून मी रिक्षातून सोबत गेले. मोठ्या चर्चच्या आवारात बाजूला एक छोटा हॉल. फाटकावरच्या पाटीवर तमिळ, इंग्रजी आणि खाली मराठी अक्षरं. एकेकाळी रेल्वेतली, आवडी या उपनगरातल्या कारखान्यातली, दवाखान्यांतली मराठी ख्रिस्ती मंडळी तिथे मावत नसत म्हणे. मी गेले तेव्हा आत बाई, मी आणि पंखा.

बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. ही प्रार्थना त्यांच्या मंडळीतल्याच, म्हणजे चर्चच्या मराठी समुदायातल्याच, कुणा जुन्या माणसानं लिहिलेली. एकानं पहिली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी समोरून उत्तर द्यायचं. “वाटेवर असलेल्यांना,” असं एकानं म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं, “विसावा दे, प्रभो.” शांतवन मास्तर नावाचे एक गृहस्थ होते तोवर ते उत्तर द्यायचे. ते वारले. तेव्हापासून बाई एक ओळ म्हणायच्या आणि मग आवाज थोडा खाली आणून उत्तरही आपणच द्यायच्या.

मी मागच्या खुर्चीवर बसून पाहत होते. मला तर कसंनुसंच झालं. आमच्याकडे देवासमोर माणूस एकटाच उभा असतो, त्याचं काही वाटत नाही. पण हे वेगळं होतं. एकट्या माणसानं दोन ताटं वाढून दोन्ही आपणच जेवल्यासारखं होतं.

मग एके दिवशी बाई खाली कॉफीला आल्या आणि कपात चमचा ढवळत राहिल्या. साखर घेत नाहीत, तरी ढवळत राहिल्या. मी म्हटलं, “काकू, काय झालं ते बोला, कप झिजेल.”

तेव्हा कळलं. चर्चच्या वरच्या कार्यालयातून पाहुणे येणार होते. कुठल्या उपासनेला माणसं येतात, कुठली नुसती नावाला आहे, ते बघायला. मराठी मंडळी नाही असं दिसलं तर उपासना बंद. चर्चच्या पाळकांनी बाईंना सुचवलं होतं की तुमच्या ओळखीचे मराठी शेजारी असतील, त्यांना त्या दिवशी घेऊन या. अम्मा, तुमच्यासाठीच सांगतोय, असंही म्हणाले होते.

“माझ्यासाठी सांगतात ते खरं आहे,” बाई म्हणाल्या. “आणि चर्चच्या समितीत मराठी मंडळीची एक जागा आहे, तेही खरं आहे. उपासना गेली की ती जागाही जाते, आणि आज तिथे पाळकांचाच माणूस बसतो. त्याला मराठीचं अक्षर येत नाही.”

मी म्हटलं, “असू दे की. तासभर बसायचं, त्यात कुणाचं काय जातं? आम्ही येतो.”

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. कॉफी संपवून उठल्या आणि दारात वळून म्हणाल्या, “उत्तर सोपं आहे. मी शिकवीन.”

मला काय, तेवढंच पुरे होतं. आमच्या कृष्णकांतना तयार केलं. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी नेईन तिथे येतात. माझी मैत्रीण अलकनंदा आली. कोपऱ्यावरचे तुकोजीराव आले. ते तंजावरकडचे, त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि वर तमिळ हेल, पण आवाज खणखणीत. शनिवारी आमच्या हॉलमध्ये तालीम झाली. बाई शिकवत होत्या आणि मधेच हसतही होत्या. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. दोघे होते, वयस्कर, सभ्य. मागे बसले. पाळक त्यांच्या शेजारी. बाई पुढे उभ्या राहिल्या, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून.

“वाटेवर असलेल्यांना,” त्या म्हणाल्या.

“विसावा दे, प्रभो,” आम्ही म्हटलं. तुकोजीरावांनी तर हॉल दणाणून सोडला.

बाई थबकल्या.  मग म्हणाल्या, “अंथरुणाला खिळलेल्यांना.” आम्ही पुन्हा उत्तर दिलं. अशा ओळीमागून ओळी गेल्या. बाईंचे डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. मी मनात म्हटलं, क्षमा, आयुष्यात एक तरी काम झकास केलंस.

प्रार्थना संपली. पाहुण्यांपैकी एकांनी हसून मला इंग्रजीत विचारलं की या मंडळीत आपण किती वर्षांपासून आहात. माझं उत्तर तयार होतं. थापा मारायला मी कधी कमी पडलेली नाही. तोंड उघडणार, एवढ्यात बाई बोलल्या. तमिळमध्ये, सगळ्यांना कळेल असं.

“ही माझी शेजारची माणसं आहेत. माझ्यावरच्या मायेनं आली आहेत. ही मंडळीतली नाहीत. शांतवन मास्तर गेले तेव्हापासून मराठी मंडळी म्हणजे मी एकटी. यांना आज इथे बसवलं, ती चूक माझी आहे.”

पाळक खाली बघत राहिले. कृष्णकांतनी उगाच चष्मा पुसला. ते पाहुणे उठून बाईंजवळ गेले, त्यांचे हात हातात घेतले, काहीतरी चांगलंच बोलले असतील. पण व्हायचं तेच झालं. त्याच आठवड्यात उपासना बंद झाली. फाटकावरच्या पाटीवरची मराठी ओळ काही दिवसांनी रंगानं झाकली. बाईंना म्हणाले, तमिळ उपासनेला या, पुढची खुर्ची तुमची. बाई जातात. तमिळ त्यांना छान येतं. आयुष्यभर त्यांनी त्याच भाषेत रोग्यांना धीर दिलाय.

त्या रविवारी परतल्यावर मी बाईंना वरपर्यंत पोचवायला गेले आणि तिथे माझा बांध फुटला.

“काय गरज होती, काकू? कुणी काही विचारत नव्हतं तुम्हाला. मी बोलले असते ना. पाप लागलं असतं तर मला लागलं असतं.”

बाई खुर्चीत बसल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, “तरुणपणी चुकलं तर सुधारायला पुढे दिवस असतात, क्षमा. मला आता ती सवलत नाही.”

“पण तुमची उपासना गेली.”

“गेली,” त्या म्हणाल्या.  “समोरून आवाज आला ना, तेव्हा माझं मन इतकं भरलं की मला भीतीच वाटली. पुढच्या रविवारीही मी तुम्हाला बोलावलं असतं. त्याच्या पुढच्याही. चर्चमध्ये खोटं चालतं म्हणून मी इतकी वर्षं कुरकुर करत आले, आणि ते मला इतकं गोड लागलं.”

मी म्हटलं, “मग आमच्या घरी म्हणा प्रार्थना. तिथे कोण बघायला येतंय? मी देईन उत्तर.”

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. “तुला प्रभूकडे मागावंसं वाटेल त्या दिवशी म्हण. माझ्याकडे बघून म्हणू नको.”

आता याला काय म्हणावं, सांगा. मी रागावून खाली आले ती आठवडाभर वर गेले नाही.

पुढच्या रविवारी मात्र राहवलं नाही. साबुदाण्याची खिचडी केली होती, वाटीभर झाकून वर नेली. आतलं दार उघडं होतं, जाळीचं दार लावलेलं. बाई तीच निळ्या काठाची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. समोर एक खुर्ची मांडलेली, रिकामी.

“वाटेवर असलेल्यांना,” त्या म्हणाल्या. आणि थांबल्या.

पूर्वी त्या उत्तर स्वतःच द्यायच्या. आता दिलं नाही. उत्तराला लागतो तेवढा वेळ गप्प राहिल्या आणि मग पुढची ओळ म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. प्रत्येक ओळीनंतर तशाच समोरच्या खुर्चीकडे बघत होत्या.

माझ्या ओठांवर आलं होतं. मला पाठ होतं. त्या बाईला विसावा मिळावा असं मला मनापासून वाटत होतं, पण ते मी कुणाकडे मागत होते, ते माझं मलाच कळेना. आणि ते कळल्याशिवाय म्हणायचं नाही, एवढं त्यांनी मला बजावलेलं. मी पायरीवर बसले, वाटी मांडीवर ठेवली आणि तोंडात पदर धरून रडले.

“एकट्यांना,” आतून आवाज आला. ती शेवटची ओळ. तिच्यानंतर त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या.

मग मी डोळे पुसले आणि बेल वाजवली.

“कधी आलीस?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच,” मी म्हटलं.

बाईंनी वाटीला हात लावून पाहिला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. “गार झालीय गं,” त्या म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची माझ्याकडे न सरकवता आतून दुसरी आणायला गेल्या.