नैसर्गिक आकार

संग्रहालयात ज्याने वाघ मारला त्याचं नाव लागतं, ज्याने तो दान केला त्याचं लागतं, आणि ज्याच्या हस्ते काचेच्या पेटीवरचा पडदा सरकवला गेला त्याचं तर सगळ्यात ठळक अक्षरांत लागतं. ज्याने त्या वाघात भुसा भरून त्याला चार पायांवर उभं केलं, त्याचं मात्र कुठेच लागत नाही. याबद्दल कुणाला काही वाटतही नाही, वाघाला तर नाहीच नाही.

मेणवाले याच बिननावाच्या जमातीतले. पस्तीस वर्षं त्यांनी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत काढली. खोलीला एकच खिडकी, आणि ती सायकल स्टँडवर उघडायची. टेबलावर स्टोव्ह, डब्यात वितळलेलं मेण, तारांची भेंडोळी, मलमलीचे तुकडे आणि एका खणात काचेचे डोळे, मापाप्रमाणे लावून ठेवलेले. मेणात बुडवलेल्या मलमलीचं ते असं पान करत की माळी कात्री घेऊन यावा. सगळे त्यांना मेणवालेच म्हणत. त्यांचा रजेचा अर्ज पूर्ण नावाने आला की कारकून विचारायचा, हा कोण बुवा?

त्यांची आयुष्यभराची कमाई म्हणजे पहिल्या मजल्यावरचं एक दालन, ‘कीटक खाणारे’. एका भिंतीला प्राणी: खवले मांजर, सरडा, बेडूक, उडत्या किड्यांवर तोंड उघडून झेपावणारी पाकोळी. समोरच्या भिंतीला वनस्पती: पेल्यात माशी बुडवणारी घटपर्णी, चिकट थेंबांनी मुंगी धरून ठेवणारा दवबिंदू, आणि मधोमध, सगळ्यांच्या आवडीचा, जबड्यासारखं पान मिटून माशी पकडणारा व्हीनस फ्लायट्रॅप. खाली कार्ड होतं: ‘सर्व नमुने नैसर्गिक आकारात.’

मापाच्या बाबतीत मेणवाले भयंकर होते. खिशात कायम मापं घ्यायचा चिमटा, कॅलिपर. खवले मांजराची जीभ त्यांनी मेलेल्या जनावराच्या तोंडातून ओढून काढून मोजली होती आणि हातभर लांब जीभ केली होती. लोक ती बघून म्हणायचे, काहीतरीच. मेणवाले मनात म्हणायचे, मोजून बघा. पडद्याचं कापड किती लागेल ते बायकोला नुसत्या नजरेने सांगायचे आणि बोटभरही चुकायचे नाहीत. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या तोंडी फक्त दुसऱ्याला नावं ठेवताना यायचा.

बायको मात्र एकाच गोष्टीवरून त्यांना टोचायची. तिचा थोरला भाऊ रस्ते-पुलांच्या खात्यात इंजिनिअर होता. एका पुलाच्या दगडावर बऱ्याच नावांच्या तळाशी त्याचंही नाव होतं. त्या पुलावरून जाताना तो हमखास गाडी थांबवायचा. “आणि तुमचं अख्खं दालन आहे हो,” ती म्हणायची, “पण दाखवू काय लोकांना? बेडूक?” मेणवाले हसून सोडून देत. मनातून त्यांना ते लागत असे, हेही खरंच.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी नव्या संचालक बाईंचा फोन आला. संग्रहालयाचं नूतनीकरण चाललं होतं. बाई तरुण होत्या आणि त्यांना मागच्या खोलीतल्या माणसांची किंमत होती. म्हणाल्या, “काका, फ्लायट्रॅप प्रवेशद्वाराशी ठेवतोय. मुलं सगळ्यात जास्त त्याच्यापुढे उभी राहतात. आणि खाली पितळी पाटीवर तुमचं नाव लावायचं ठरलंय. पूर्ण नाव कळवा, वडिलांच्या नावासकट.”

मेणवाल्यांनी नाव कळवलं. फोन ठेवल्यावर ते उगाचच दोनदा पाणी प्यायले. बायकोने संध्याकाळच्या आत भावाला, वहिनीला, दोन्ही शेजाऱ्यांना आणि पूर्वी ती शिकवायची त्या शाळेतल्या तीन शिक्षिकांना उद्घाटनाचं आमंत्रण देऊन टाकलं.

आठवडाभराने मेणवाले कुंडीसाठी माती आणायला नर्सरीत गेले. काउंटरवर प्लास्टिकच्या छोट्या कपांची रांग होती. प्रत्येक कपात चार-सहा हिरवी पानं, टोकाशी दात असलेली, नखाएवढी. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘माशी खाणारं झाड’.

“हे चुकीचं लिहिलंय,” ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. “फ्लायट्रॅप एवढा असतो.” आणि त्यांनी ताटाएवढा आकार हवेत काढून दाखवला.

मुलगी कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही पण म्युझियममधला बघून आलात का? तो खोटा आहे. लोक तिथून इकडे येतात आणि मलाच म्हणतात, तुमचा डुप्लिकेट आहे.”

“हे रोपटं असेल. वाढेल अजून.”

“हे चार वर्षांचं झाड आहे.” तिने कपातली काडी घेऊन पानाच्या आत दोनदा हलकेच टेकवली. पान मिटलं. “बघा. रोपटं आहे का हे?”

मेणवाल्यांनी माती घेतली नाही. एक कप घेतला आणि घरी येऊन खिडकीत ठेवून कॅलिपर लावला. सर्वात मोठं पान भरलं दोन सेंटिमीटर चार मिलिमीटर. मग त्यांनी भिंग घेतलं, आणि तिथे दुसरा दणका बसला. पानाच्या प्रत्येक फाकेवर, आतल्या लाल भागात, तीन-तीन बारीक केस उभे होते. मुलीने काडी टेकवली होती ती यांनाच. त्यांच्या मॉडेलमध्ये हे केस नव्हतेच.

कसं झालं हे त्यांना लगेच आठवलं. विसरले कधी होते? दालनातल्या सगळ्या नमुन्यांची मापं त्यांनी खऱ्या वस्तूवरून घेतली होती. घटपर्णीचं वाळवलेलं पान कपाटात होतं, दवबिंदू त्या वेळच्या संचालक साहेबांनी डबीत घालून आणला होता. फ्लायट्रॅप मात्र कुणी पाहिलेलाच नव्हता. होतं ते एका परदेशी पुस्तकातलं पानभर रंगीत चित्र. खालची ओळ त्यांना वाचता येत नव्हती. कोपऱ्यात एक फुली आणि पुढे बारा हा आकडा होता, तो त्यांनी चित्राचा क्रमांक समजला. पानावरचे काळे ठिपके त्यांना छपाईची घाण वाटले. चित्रातली माशी चिमणीएवढी होती. तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं की एवढी माशी कुठे असते? आणि मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की तिकडे असतील तशा माशा. साहेब मॉडेल बघून म्हणाले होते, “माप बघितलंस ना नीट?” मेणवाले म्हणाले होते, “हो साहेब.” माप खरंच घेतलं होतं, चित्राचं. ओळ वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली, एवढीच गोष्ट. साहेब गेले त्याला आता वीस वर्षं झाली होती.

दोन दिवस त्यांच्या डोक्यात हाच भुंगा होता. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी बायकोपुढे कप ठेवला आणि सगळं सांगितलं.

तिने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “हे? एवढंसं?”

“एवढंसंच.”

“अहो, पण कुणाला कळणार आहे?”

“नर्सरीतल्या मुलीला कळलंय.”

“ती येणारे का उद्घाटनाला?”

मेणवाल्यांनी कप उचलून परत खिडकीत ठेवला. ती म्हणाली, “सांगितलंत तर काय होईल?”

“मॉडेल गोदामात जाईल. त्याच्याबरोबर नावही.”

“आणि नाही सांगितलंत तर?”

“नाव लागेल. पितळेचं.”

“मग गप्प बसा की. पस्तीस वर्षं गप्पच बसलात ना?” एवढं बोलून ती कपबश्या घेऊन उठली. पुढचे दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. मेणवाल्यांना तिचा राग आला नाही. आमंत्रणं तिने दिली होती, आणि भावापुढे मान खाली तिलाच घालावी लागणार होती.

सोमवारी सकाळी ते कप आणि कॅलिपर घेऊन संचालक बाईंच्या खोलीत गेले. आढेवेढे न घेता म्हणाले, “मॅडम, फ्लायट्रॅप चुकलाय. खरा हा एवढा असतो.”

बाई घाबरल्या नाहीत, उलट हसल्या. “मला शंका होतीच. पण कार्ड तर आधीच्या साहेबांनी लावलं होतं ना? तुम्ही कशाला मनाला लावून घेता?”

सुटायला दरवाजा उघडा होता. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि गेलेला माणूस काही भांडायला येणार नव्हता.

“साहेबांनी मला विचारलं होतं,” मेणवाले म्हणाले. “मी सांगितलं, माप घेतलंय. ते मी बारा पट मोठ्या चित्रावरून घेतलं होतं. मला खालचं वाचता येत नव्हतं.”

बाईंनी कप उचलून पाहिला. मग म्हणाल्या, “हरकत नाही. ‘बारा पट मोठा केलेला’ असं लिहू. प्रश्न मिटला.”

“नाही मिटत. बारा पट मोठा म्हणायचा तर केस हवेत.” त्यांनी भिंग पुढे केलं. “हे बघा, इकडे तीन, तिकडे तीन. माशीचा यांना दोनदा धक्का लागला तरच पान मिटतं. एकदा लागून भागत नाही, वाऱ्यानेही लागतो एखादा. केस नसतील तर माशी आत बसून पाय चोळत राहील आणि उडून जाईल. माझ्या मॉडेलमध्ये ती उगाच पकडली गेलीय.”

“बसवता येतील?”

“तीस वर्षांचं मेण आहे, ठिसूळ झालंय. तडकलं तर गेलं. पण मला बसवू द्या. आणि पाटीवर चूकही लिहा.”

“काका, असं कोणी लिहीत नाही. संग्रहालयाने चुकीचं दाखवलं असं आपणच पितळेवर कोरायचं? समितीला विचारावं लागेल. मला नाही वाटत ते ऐकतील. कदाचित नावच काढून टाका म्हणतील.”

“विचारा,” मेणवाले म्हणाले.

मागच्या खोलीत आता कागदाचे गठ्ठे होते. त्यांनी खिडकीपुढची जागा रिकामी केली आणि तीन सकाळी काम केलं. जाड ब्रशचे सहा ताठ केस निवडले, त्यांच्यावर मेणाचा हात दिला, खाली जाड आणि वर निमुळते. दिव्याच्या उबेने पानाची जागा मऊ करायची, तापवलेली सुई हळूच घालायची, केस बसवायचा, श्वास रोखायचा. पाच बसले. सहाव्याला कडेने बारीक तडा गेला. मेणवाले मागे सरून स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखर रडू येईल असं वाटलं. मग त्यांनी तडा रंगवून झाकायला ब्रश उचलला, परत ठेवला, आणि नुसतं मेण भरून तो बुजवला. जवळून बघणाऱ्याला तो दिसला असता.

समितीचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी मेणवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको बरोबर निघाली, पण बसमध्ये रस्ताभर खिडकीबाहेरच बघत होती. दारात तिचा भाऊ वहिनीसह आधीच येऊन उभा होता. “कुठंय नाव?” त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

भाषणं झाली. पडदा सरकला. ताटाएवढा फ्लायट्रॅप दिव्यात लालभडक दिसत होता, आणि त्याच्या आतले सहा केस मेणवाल्यांना लांबूनही दिसले. लोक पुढे झाले. मेणवाले मागेच राहिले. पाटीवर काहीतरी कोरलंय एवढं कळत होतं, काय ते वाचवत नव्हतं. चष्मा खिशात होता, तो काढायला हात जाईना.

भाऊ पाटीपाशी पोचला होता. बायको त्याला बाजूला सारून पुढे गेली, वाकली, आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आवाज शाळेत हजेरी घ्यायचा तसाच, एकेक शब्द सुटा.

“व्हीनस फ्लायट्रॅप. मूळ आकाराच्या बारा पट. याआधी येथे ‘नैसर्गिक आकार’ असे लिहिले होते. ते माप चुकीचे होते. माप घेणारे, मॉडेल करणारे आणि चूक दाखवणारे...” आणि तिने त्यांचं पूर्ण नाव वाचलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. मधे वडिलांचं नाव होतं, शेवटी आडनाव. ती कुठेच अडखळली नाही.

भावाने भुवया वर केल्या. “म्हणजे यांची चूक झाली होती?”

“हो, यांचीच,” ती म्हणाली. “दादा, जरा बाजूला हो. मागच्यांना नाव दिसत नाहीये.”