फळीवरची रिकामी जागा

बिल्लेवाल्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला एक पांढरी फळी ठोकलेली आहे. उलथने, झारा, चिमटा, किसणी, सुरी अशा प्रत्येक वस्तूची आकृती त्या फळीवर काळ्या रंगाने रेखलेली असून प्रत्येक आकृतीच्या माथ्यावर एक खिळा आहे. वस्तू जागेवर असली की आकृती झाकलेली राहते. वस्तू उचलली की काळी सावली उघडी पडते आणि काय नाही ते दारातूनच कळते. घरातल्या माणसांनी वस्तू नेताना त्या खिळ्याला आपल्या नावाचा पितळी बिल्ला अडकवावा, असा नियमही बिल्लेवाल्यांनी निवृत्तीनंतर घालून पाहिला. परंतु तो पत्नीपुढे टिकला नाही.

"मी चार दिवस माहेरी गेले तर हे भिंतीवर माझीही आकृती काढून ठेवतील," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आणि परत आले की आधी मापाला लावून बघतील!"

बिल्लेवाले यावर हसत, मनापासून हसत. मात्र ती फळी काढावी असे त्यांना कधी वाटले नाही आणि ती का आहे हेही त्यांनी कोणाला समजावून सांगितले नाही.

'बिल्लेवाले' हे टोपणनाव त्यांना हवाई दलात मिळाले. ते विमानाचे मेकॅनिक होते. आकाशात जाणाऱ्यांपैकी नव्हे, खाली थांबणाऱ्यांपैकी. त्यांच्या हँगरमध्ये हत्यारांची अशीच, परंतु भिंतभर फळी होती. पाना असो की पेचकस, ज्याने उचलला त्याने त्या जागी आपल्या क्रमांकाचा बिल्ला टांगायचा. काम संपले की सगळी हत्यारे फळीवर आणि सगळे बिल्ले खिशात. एक जरी सावली उघडी राहिली, तरी ते विमान उडायचे नाही. त्यामागचे कारण साधे होते: विमानाच्या पोटात राहिलेला एखादा पाना हवेत घरंगळत जाऊन सुकाणूच्या दांड्यांत अडकला, तर वैमानिकाच्या हाती काहीच उरत नाही. इतर जण हा नियम पाळत. बिल्लेवाले तो डोळ्यांत तेल घालून पाळवून घेत. बिल्ला न टांगता हत्यार उचलणाऱ्याची ते अशी काही हजेरी घेत, की त्यापेक्षा अधिकाऱ्याची शिक्षा परवडली, असे पोरे म्हणत.

त्यांच्या विमानाचा वैमानिक वयाने त्यांच्याहून लहान, हुद्द्याने मोठा आणि स्वभावाने थट्टेखोर होता. शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी तो रोज विचारी, "काय बिल्लेवाले, भांडी सगळी मांडणीवर?"

"भांडी नाहीत साहेब, हत्यारं."

"तेच ते. लागली ना?"

"लागली, साहेब."

मग बिल्लेवाले शिडीने वर जाऊन त्याचे पट्टे स्वतःच्या हाताने आवळत आणि खांद्यावर एक थाप देत. या थापेचा उल्लेख कोणत्याही नियमात नव्हता. तरीही ती कधी चुकली नव्हती.

युद्ध सुरू झाले आणि दिवस कोठे संपतो व कोठे सुरू होतो, याचा हिशेब कोणालाच राहिला नाही. विमाने परतत, त्यांना इंधन, दारूगोळा आणि ठिगळे मिळत, आणि ती पुन्हा जात. माणसे पंखाखाली लवंडत, डोळा लागतो न लागतो तोच उठत आणि जेथे हात थांबला होता तेथूनच पुढे सुरू करत. अशाच एका सकाळी बिल्लेवाल्यांच्या विमानाच्या इंजिनाचे काम संपत आले होते. चहा नेहमीपेक्षा उशिरा आला. पण आला तो वाफाळता. आणणारा होता आचारी. सारा तळ त्याला 'बल्लव' म्हणत असे. अंगाने आडवा, जिभेने सैल. हातातल्या किटलीपेक्षा त्याची बडबड अधिक उकळत असे.

"घ्या, घ्या, लोक हो! आज स्टोव्हनं रडवलं, पण बल्लव हरला नाही!"

उड्डाणाच्या तयारीने आलेल्या वैमानिकानेही पेला पुढे केला. एक घोट घेऊन तो म्हणाला, "वा! आज पहिल्यांदाच चहाला पेट्रोलचा वास नाही. आण अजून." बल्लवाची छाती फुगली. त्याने दुसऱ्यांदा पेला भरला आणि तो किटली घेऊन धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेला.

त्यानंतर बिल्लेवाले फळीपुढे उभे राहिले. एक सावली उघडी होती. छोटा दुतोंडी पाना जागेवर नव्हता आणि खिळ्याला बिल्लाही नव्हता.

सगळ्यांचे खिसे उलटे झाले. पेट्या रिकाम्या झाल्या. इंजिनावरची झाकणे पुन्हा उघडली गेली. अरुंद फटींतून आरसे आणि हात फिरले. पाना नव्हता. दुसरीकडे घड्याळ कोणासाठी थांबणार नव्हते. अभियंता अधिकारी आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "तुमचं मत?"

"विमान सोडता येणार नाही, साहेब."

"मग राखीव काढा."

राखीव विमान जुने होते, पण धडधाकट होते. दुसऱ्या मेकॅनिकने त्याची शिडी लावली. वैमानिक शिरस्त्राण काखेत धरून बिल्लेवाल्यांपाशी आला. ते तेव्हा गुडघ्यांवर बसून चाकाच्या खोबणीत हात घालून चाचपत होते.

"एका पान्यासाठी, बिल्लेवाले?"

"एका पान्यासाठीच, साहेब."

"बरं बाबा, आज दुसऱ्याची घोडी. मी येईपर्यंत शोधून ठेवा म्हणजे झालं."

बिल्लेवाल्यांनी मान वर केली नाही. त्यांची बोटे खोबणीच्या कोपऱ्याशी पोचली होती आणि तो कोपरा अर्धवट सोडायचा नव्हता. तो चाचपून होईपर्यंत बुटांचा आवाज दूर गेला होता. पट्टे दुसऱ्याने आवळले. थाप कोणी दिली नाही. ती द्यायची असते हे त्या दुसऱ्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

दुपारी बाकीची विमाने परतली. राखीव परतले नाही. सोबतच्या विमानातल्या जोडीदाराने आग पाहिली होती, हवाई छत्री पाहिली नव्हती. बिल्लेवाले धावपट्टीच्या कडेला उभे होते. शेवटचे विमान थांबले, त्याचे इंजिन निवले, तरीही ते उभेच राहिले. मागून कोणीतरी त्यांच्या बाहीला हात लावला. बल्लव होता. त्याच्या हातात लख्ख पुसलेला छोटा दुतोंडी पाना होता.

"रागावू नका हं. चहाच्या गडबडीत तंबूतच राहिला. स्टोव्हच्या पंपाचा नट पार सैल झाला होता बघा. याच्यावाचून आज कुणाला चहा मिळाला नसता."

"हा... तुझ्याकडे कसा?"

"म्हणजे? तुम्हीच तर दिलात! पहाटे पंखाखाली आडवे होतात. मी म्हटलं, एक छोटा पाना हवा. तुमचे डोळे मिटलेलेच. हात तेवढा बाहेर आला, पान्यासकट. म्हणालात, लगेच आण."

बिल्लेवाल्यांना यातले काहीही आठवत नव्हते; पाना फळीवरून उचलताना आपलाच बिल्ला टांगायचा राहिला, हेही नाही. बल्लव मात्र खोटे बोलणारा नव्हता. त्यांनी पाना घेतला आणि हँगरमध्ये जाऊन तो खिळ्याला टांगला. सावली झाकली गेली. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पाना शोधून ठेवला होता.

अभियंता अधिकाऱ्यांना त्यांनी त्याच घटकेला सारे सांगितले. "तुम्ही झोपेत होता. सकाळचा निर्णय बरोबरच होता," ते म्हणाले. "गोळीला विमानाचा क्रमांक वाचता येत नाही. तुमच्या विमानातही हेच झालं असतं."

'झालं असतं' हे ते बोलले, पण ते कसे ठरवायचे हे त्यांनाही सांगता आले नाही. पुढे त्याच अधिकाऱ्यांनी सगळ्या तुकडीसमोर बिल्लेवाल्यांच्या काटेकोरपणाची वाखाणणी केली. त्या वाखाणणीइतके जड ओझे त्यांनी आयुष्यात दुसरे उचलले नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्या दुपारीच मनाशी पक्की केली: बल्लवाला हे कळू द्यायचे नाही. पाना मागणाऱ्याचा काय दोष? शिवाय दुसऱ्याच दिवशी बल्लवाची पुढच्या तळावर रवानगी झाली. विमान कशामुळे थांबले होते, हे त्याच्या कानी पडायच्या आतच तो निघून गेला.

युद्ध संपले, वर्षे गेली. योगायोगाने दोघेही एकाच शहरात स्थायिक झाले. बल्लवाने एका कारखान्याची खानावळ चालवली, तो म्हातारा झाला, त्याची बायको गेली, आणि तो दर रविवारी बिल्लेवाल्यांकडे येऊ लागला. आला की त्याची ठरलेली गोष्ट निघे: साहेबांनी शेवटचा चहा आपल्या हातचा घेतला, तोही मागून, दोनदा. ते त्याच्या आयुष्यातले एकमेव पदक होते. बिल्लेवाले ती गोष्ट दर वेळी संपेपर्यंत ऐकत. त्यांच्या पत्नीला खरे ठाऊक होते. गोष्ट सुरू झाली की त्या हळूच भांड्यांचा आवाज करत.

मुलीला मात्र अर्धेच ठाऊक होते. एक पाना हरवला, म्हणून बाबांनी विमान थांबवले आणि साहेब दुसऱ्या विमानातून गेले, एवढे तिने लहानपणी इतरांकडून ऐकले होते. पाना पुढे कोठे सापडला, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

एका रविवारी ती माहेरी आलेली असताना दुपारच्या चहाच्या वेळी चिमटा सापडेना. फळीवर त्याची काळी आकृती उघडी होती.

"बाबा, तुमच्या राज्यात चोरी!" ती म्हणाली. "आणि बिल्लाही नाही टांगलेला. कोण ते गुन्हेगार?"

"मला विचारू नकोस," पत्नी म्हणाल्या. "मी तर केव्हाच कायदेभंग केलाय."

बल्लव खुर्चीतून खदखदून हसला. "अगं पोरी, तुझ्या बापाचं मला विचार! बिनबिल्ल्याचं हत्यार खुद्द यांनी दिलंय मला एकदा. स्टोव्हचा नट आवळायला. डोळे मिटून, राजासारखा हात बाहेर काढून! त्याच्यावर तर झाला तो साहेबांचा चहा."

पत्नींचा हात बशीवर थांबला. मुलगी अजून हसतच होती. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरले.

"कोणतं हत्यार, काका?"

"पाना गं. छोटासा."

"साहेब गेले... त्याच सकाळी?"

"त्याच सकाळी."

तिने वडिलांकडे पाहिले. "बाबा, म्हणजे तो पाना—"

"तो वेगळा," बिल्लेवाले म्हणाले.

आवाज शांत होता. ज्या माणसाने उभ्या जन्मात एका पान्याला दुसऱ्या पान्याच्या खिळ्यावर टांगू दिले नव्हते, तो माणूस बोलत होता.

"हरवला तो मोठा होता. याला दिलेला छोटा."

"अरे, तेव्हा काही हरवलं होतं?" बल्लवाने विचारले. "मला कधी बोलला नाहीत! सापडला का मग?"

"नाही," बिल्लेवाले म्हणाले. "सापडलाच नाही."

"अरेरे!" बल्लव हळहळला. "मला सांगायचं तरी. मीही शोधला असता हो. दोन डोळे जास्त लागले असते."

बिल्लेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मुलगी क्षणभर तशीच उभी होती. मग ती बल्लवाजवळ स्टुलावर बसली आणि त्याचा रिकामा कप तिने हातात घेतला.

"मग काका," तिने विचारले, "पहिला घोट घेऊन साहेब काय म्हणाले?"

बल्लव सावरून बसला. बिल्लेवाले ते शब्द त्याच्याआधी मनात म्हणत राहिले, नेहमीप्रमाणे. आणि नेहमीप्रमाणेच त्यांच्यापुढे दुसरे शब्द येऊन उभे राहिले, चाकाच्या खोबणीपाशी मान वर न करता ऐकलेले, ज्यांना उत्तर द्यायचे राहून गेले होते.