तव्यावर शेकलेलं बी

फुकट देणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा तिथल्या एका गोऱ्या साहेबाची मडम आमच्या वाडीवर अंडी न्यायला यायची. एक दिवस तिनं माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. लेट्यूसचं बी. तिच्या बंगल्याच्या खाऱ्या मातीत ते रुजेना, म्हणून मी लावावं. तिचा ड्रायव्हर हिंदीतून समजावत होता आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, यात तुझा डाव तरी काय?

दिवाळीनंतर वाफा केला. पानं इतकी मऊ, की लोण्याचा हात फिरवल्यासारखी. देठ कापला की पांढरा चीक यायचा. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "रुईचा चीक येतो तसा येतोय. ह्यो पाला आपल्या घरात नाय शिजवायचा." नाहीच शिजवला, सगळे गड्डे मडमेला दिले. पण आसपासच्या गावांत हा पाला फक्त माझ्या परसात होता, आणि त्याचा मला काय तोरा होता म्हणून सांगू!

दुसऱ्या हिवाळ्यात मडमेनं वाणगावचा एक माळी ठेवला. तो माझ्या वाफ्याशी उकिडवा बसून पाणी कधी देता, सावली कशाची करता, सगळं खोदून खोदून विचारायचा. माझं डोकंच फिरलं. त्यात मडमेचा निरोप आला: चार झाडं तोडू नका, फुलू द्या, त्यांचं बी मला हवंय. झालं! आता बी त्या माळ्याच्या हातात, आणि मी परत आपली अंड्यांपुरती.

आमच्या घरात दुधीचं बी कुणी मागितलं तर नाही म्हणत नसत. सासूबाई ते तव्यावर जरा शेकून द्यायच्या. दिसायला तसंच, पण रुजायचं नाही. मीही तेच केलं. चिमूटभर बी बाटलीत घालून फडताळात लपवलं, बाकीचं मंद आचेवर शेकलं आणि निवल्यावर पुडी बांधली.

मडम आली ती निरोप घ्यायलाच. साहेबाचं काम संपलं होतं, आठवड्यात विलायतेला निघायचं होतं. पुडी तिनं छातीशी धरली. ड्रायव्हर म्हणाला, "मेमसाब की दादी का बीज है. दादी अब नहीं रही. बीज भी और किसी के पास नहीं बचा."

चांगलं बी आत होतं, दहा पावलांवर. पण ते आणायचं तर पुडीतलं काय आहे, तेही सांगावं लागलं असतं. दारात सासूबाई उभ्या होत्या. माझे पाय हललेच नाहीत.

"जपून न्या," एवढंच म्हटलं.

मडमेनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. मीही रडले. तिला वाटलं, ती चालली म्हणून.