तबकडीवरचं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की गिरगावातली आमची खोली आठवते. संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ होता, म्हणून घरी असलेल्या वडिलांनी शेजारच्या ट्रंपेटवाल्याची नवी कोरी जॅझची तबकडी ऐकायला आणली. घरात नवी वस्तू आली म्हणून आईने लगेच तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. "अगं, दुसऱ्याची आहे ती!" वडील ओरडले. पुसूनही खाचांतलं कुंकू निघेना. शेवटी वडिलांनी ती तशीच लावली. तिच्यातला संगीतकार भारी खोडकर, त्याचे वीसेक वादक एकमेकांना वेडावत होते आणि दर फेऱ्याला सुई टक् करत होती. आई रडवेली झाली. आवाज ऐकून आलेल्या शेजाऱ्याने मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, बँडमध्ये तुम्हीपण वाजवताय की!" परवा नातवाने तोच अल्बम मोबाइलवर लावला. त्यात आई नव्हती, म्हणून मी टेबलावर बोटाने टक् टक् करत राहिलो.