पावणेसात हात

माझी धाकटी बहीण ग्लॅडिस रेल्वेकडून अकरा वर्षं बास्केटबॉल खेळली आणि दौंडला पार्सल ऑफिसात कायम नोकरीला लागली. लोक मला विचारतात, शिरूरची पोरगी तिथवर गेली कशी? मी म्हणते, देवाची कृपा. ते खरंच आहे. पण त्यात आमच्या वडिलांच्या हाताचा भाग आहे आणि माझ्या भित्रेपणाचाही आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा ग्लॅडिस पाच वर्षांची होती, मी चौदाची. शेवटच्या दिवशी आईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "रूथ, हिला उघड्यावर टाकू नको गं." तेव्हापासून भीती माझ्या अंगाला जी चिकटली ती चिकटलीच. ग्लॅडिस विहिरीवर गेली की भीती, झाडावर चढली की भीती. आणि ती चढायचीच. वाढायचीही तशीच. अठरा वर्षांची झाली तेव्हा पाच फूट अकरा इंच होती. आठवडे बाजारात पोरं मागून ओरडायची, "ए खांबा, दिवा लाव की!" ती वळून म्हणायची, "लावते, पण मग तुझं थोबाड दिसंल सगळ्यांना." मी तिला दंडाला धरून घरी आणायची.

आबा, म्हणजे आमचे वडील योहान, मिशनच्या आवारात सुतारकाम करायचे. स्वतः सहा फुटांच्या वर. १९७० साली गोदाम साफ करताना त्यांना बास्केटबॉलची लोखंडी रिंग आणि एक बॉल सापडला, जुन्या मिशनरी साहेबांच्या वेळचा. मिशनच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "योहान, मैदानात लाव. दहा फुटांवर पाहिजे." आबांकडे फूटपट्टी होती, पण ती बाकं-खुर्च्यांसाठी. वासा, खांब, दाराची चौकट असलं मोठं काम ते हातानं मापायचे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. "माझ्या बापानं असंच मापलं, आन् पवित्र शास्त्रातबी समदी मापं हातातच हायेत," म्हणायचे. दीड फुटाचा एक हात, म्हणजे दहा फुटांचे पावणेसात. त्यांनी मोजलं, खूण केली आणि रिंग ठोकून दिली. जाळी नव्हती म्हणून खाली सुतळ्या बांधल्या.

शाळेतल्या पोरी आठवडाभर खेळल्या. बॉल काही रिंगपर्यंत पोचेना. "हा साहेबांचाच खेळ दिसतोय," हेडमास्तर म्हणाले, आणि पोरी परत लंगडी खेळायला लागल्या. ग्लॅडिस एकटी राहिली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. रोज शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत पळायची, उडी मारायची, बॉल वर भिरकावायची. सायकलवाल्यानं त्या बॉलला किती ठिगळं लावली असतील त्याची गणती नाही. पायात काही नाही. शिकवणारं कुणी नाही. बॉल काखेत धरून पळायचा नसतो हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. पण दोन-तीन वर्षांत बॉल रिंगमधून जायला लागला, आणि सोळाव्या वर्षी ती उडी मारून लोंबणाऱ्या सुतळीचं टोक बोटानं हलवायला लागली.

शहात्तरच्या नाताळला दौंडहून दानिएल मामा आले. मामा रेल्वेत फिटर. ते चहाची बशी हातात धरून मैदानाकडं बघतच राहिले. चहा निवून गेला. "रूथ, ही पोरगी हाय का टोळ?" ते म्हणाले. "आमच्या रेल्वेवाल्यांना बायकांच्या टीमला पोरी पाहिजेत. फेब्रुवारीत दौंडच्या ग्राउंडवर बघणार हायेत. घेतली तर नोकरी."

मी घाबरले ते तिथपासून. कारण त्याच महिन्यात नगरहून स्थळ आलं होतं. दवाखान्यात कंपाउंडर होते, पंधरा वर्षांनी मोठे, बायको वारलेली, दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. उंचीची हरकत नाही असं त्यांनी स्वतः कळवलं होतं. असं कळवणारे ते पहिलेच. माझं स्वतःचं लग्न आईच्या माघारी घर सांभाळताना राहून गेलं होतं. शाळेत मास्तरीण म्हणून माझं पोट भरत होतं, पण दिवेलागणीला घरात एकटीनं बसणं काय असतं ते मला कळायला लागलं होतं. ग्लॅडिस खेळायला गेली, हात-पाय मोडून परत आली, आणि तोवर हे स्थळही गेलं तर? त्यांनी उत्तर मागितलं होतं फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. रेल्वेची चाचणी त्याच्या आदल्या शुक्रवारी.

आबा म्हणाले, "तुला सुचंल तसं लिही." ग्लॅडिसनं एवढंच म्हटलं, "अक्का, शुक्रवारपर्यंत थांब."

मी हो म्हटलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी एक कार्ड लिहिलं, "आम्हांस पसंत आहे, तारीख कळवावी," आणि गीतांच्या पुस्तकात घालून पिशवीत ठेवलं. लबाडी म्हणून नाही. ती नापास झाली तर तिथूनच टाकता यावं, म्हणजे रविवार चुकायला नको.

गुरुवारी आम्ही तिघं एस.टी.नं दौंडला गेलो. मी रात्रभर जागी होते, गाडीत माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा पिशवी ग्लॅडिसच्या मांडीवर होती. ती खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "भूक लागली का गं?" तिनं पिशवी माझ्याकडं सरकवली.

शुक्रवारी सकाळी ग्राउंडवर बावीस मुली होत्या. पुण्याच्या, सोलापूरच्या. अर्ध्या चड्ड्या, पांढरेशुभ्र बूट. आमच्या ग्लॅडिसनं मी शिवलेला घोळदार स्कर्ट घातला होता आणि पायात मामांच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट. तिच्या मापाचे बूट बाईमाणसासाठी मिळतच नव्हते. निवड करणारे जालिंदर सर गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. माणूस कमी बोलणारा. प्रत्येकीनं दहा बॉल टाकायचे, ते म्हणाले.

ग्लॅडिसचा पहिला बॉल रिंगमागच्या फळीच्या वरून पलीकडं गेला. दुसराही. तिसरा फळीच्या माथ्यावर आपटला. मुली तोंडावर हात धरून हसायला लागल्या. एक म्हणाली, "कावळे पाडतीय का गं ही?" शिरूरला दहातले सहा-सात घालणारी पोरगी!

तेवढ्यात बघते तर आबा शेजारी नव्हते. ते पलीकडच्या रिकाम्या खांबाशी गेले होते. तिथं पडलेला बांबू त्यांनी रिंगच्या उंचीला खांबाला लावला, खूण धरली, मग आडवा करून हातानं मापायला लागले. कोपर, बोट. कोपर, बोट. संपलं तसे पुन्हा पहिल्यापासून मापले. मी जवळ गेले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सहाच भरतोय रूथ," ते म्हणाले. "दहा फुटाला सहाच."

मला आधी कळेना.

"हात दीड फुटाचा आसतो, पर माझा न्हाई. माझा लांब हाय. आपली रिंग सव्वा फूट वर बसलीया. सात वर्सं पोरगी भलतीकडंच बॉल टाकतीया. म्या वाटोळं केलं तिचं."

मागं वळले तर ग्लॅडिसचा आठवा बॉल वरून गेला होता. नववा गेला. मला तिथं उभं राहवेना. फाटकाशी टपालाची लाल पेटी होती. मी पिशवीतून कार्ड काढलं आणि तिकडं चालू लागले. कार्डाचं टोक पेटीच्या फटीत घातलं आणि डोळे मिटले. प्रभू, मी तिला उघड्यावर टाकत नाही ना? एवढंच म्हणाले. मागं शिट्टी वाजली.

मी वळून पाहिलं. दहावा बॉल फळीवर आपटून उंच उडाला होता, आणि ग्लॅडिस स्वतःच त्याच्यामागं धावली होती. दोन मुली मध्ये उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यांवरून तिनं तो वरच्या वर दोन्ही हातांनी ओढला आणि खाली उतरली. स्कर्टची शिवण टराटरा उसवली.

जालिंदर सर म्हणाले, "थांब. तू टाकू नको. ह्या टाकतील. चुकला की तू घ्यायचा."

मुली टाकत गेल्या. चुकला की ग्लॅडिस वर. चुकला की वर. तिची बोटं रिंगच्याही वर दिसत होती. माझं कार्ड पेटीच्या तोंडात तसंच धरलेलं होतं, आणि हात घामानं इतका भिजला की शाई बोटांना लागली. मी ते ओढून पुन्हा पुस्तकात घातलं.

सरांनी विचारलं, "हिला उडी मारायला कुणी शिकवलं?"

आबांना वाटलं, चौकशी सुरू झाली. ते पागोटं काढून पुढं झाले. "सायेब, चूक माझी हाय. पोरीला बोल लावू नका. मापात फसलो म्या." आणि त्यांनी पावणेसात हातांची सगळी हकिगत सांगून टाकली, हात लांब करून दाखवलासुद्धा.

सर आधी गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. मग खाली बसून हसायला लागले. "आबा, बाकीच्या गावांतबी तुमच्या हातानंच रिंगा लावायला पाहिजेत!" मग उठून म्हणाले, "सहा महिने तात्पुरती घेतो. बॉल टाकायला मी शिकवीन. न जमली तर घरी."

ते सहा महिने माझी भीती काही गेली नाही. दर शनिवारी तिचं पत्र यायचं आणि फोडायच्या आधी मी ते तसंच धरून बसायची. बॉल हातात घेऊन चार पावलं पळते म्हणून सर रोज ओरडतात. आज गुडघा सुजला. आज दोन मुलींना घरी पाठवलं. सरांनी रिंगखाली खुर्चीवर बसवून, उडी न मारता, रोज दोनशे बॉल टाकायला लावले. हळूहळू पत्रात चुकलेल्यांपेक्षा गेलेले बॉल जास्त यायला लागले. कंपाउंडरना मी नकार कळवला होता. त्यांनी चार महिन्यांत दुसरीकडं लग्न केलं, ते ऐकून त्या रात्री मला झोप आली नव्हती.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरमध्ये ती कायम झाली आणि पुण्याला संघातून पहिला मोठा सामना खेळली. मी गेले होते, पण निम्मा वेळ पदराआड डोळे मिटूनच बसले. सामना झाल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. तिचा गुडघा पट्टीत बांधलेला. मला राहवलं नाही. मी कार्डाचं सांगितलं.

ती म्हणाली, "वाचलंय मी ते. तू गाडीत झोपलीस तेव्हा. गाणं बघायला पुस्तक काढलं होतं."

मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले.

"अक्का, रिंग खाली आहे हे मला दुसऱ्याच बॉलला कळलं होतं. हात आवरला की झालं. पण तो आवरेना. थरथर कापत होता. दहावा टाकला तेव्हा तू पेटीपाशी उभी दिसलीस." ती बुटाची नाडी सोडत होती, वर बघितलं नाही. "मग काय, मारली उडी."

मी म्हणाले, "आबांना सांगते. ते बिचारे समजतात, बॉल त्यांच्यामुळं चुकले."

"नको," ती म्हणाली. "शिरूरभर हात दाखवत फिरतायत ते. फिरू दे."